उरियाचे पत्र आणि नाथानची कोकरी



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारच्या प्रवचनात आम्ही एका आजारी मुलाची हकिकत सांगितली. मुलगा दहा वर्षांचा, बाप रोजंदारीवर, शस्त्रक्रियेला पैसे नाहीत. आणि तरीही तो मुलगा आपल्या वाट्याचा खाऊ रोज शेजारच्या खाटेवरच्या मुलाला देतो. ही हकिकत आम्ही एका जुन्या पुस्तकात वाचली होती. कोणा लेखकाने ती रचलेली होती. परंतु सांगताना ती जवळची वाटावी म्हणून आम्ही सहज जोडून दिले, "इथून फार लांब नाही, आपल्याच भागात." चर्चमध्ये शांतता पसरली. दोन-तीन ठिकाणी पदर डोळ्यांना लागले. प्रवचन चांगले झाले, असे आम्हांला वाटले.

मंगळवारी सकाळी एक आजी आमच्याकडे आल्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी पाचशे रुपये टेबलावर ठेवले. "फादर, हे त्या पोराला द्या. कुठल्या गावचा आहे तो? रविवारी लेकाला सुट्टी असते, आम्ही बघून येऊ."

त्या पाचशे रुपयांसमोर आम्ही काय बोललो ते शेवटी सांगू. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. आम्ही खोटे बोललो का? आणि बोललो असू, तर प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राचे काय? तो पुत्र कोणत्या गावचा होता?

त्याच सुमारास आमच्या युवकांनी सणासाठी बसवायच्या नाटुकल्याचा पहिला मसुदा वाचून दाखवला. बाप दारूडा, आई सोशिक, घरात उपासमार. तिसऱ्या प्रवेशात चर्चची घंटा वाजते, बापाच्या हातातली बाटली गळून पडते, तो गुडघे टेकतो, सगळे कुटुंब त्याच्याभोवती जमते आणि पडदा पडतो. मुलांनी मेहनत घेतली होती. पण वाचन संपल्यावर मागे बसलेल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "आमच्या घरी घंटा रोज ऐकू येते." कोणी हसले नाही. मुलांनी वह्या मिटल्या आणि आम्हांला विचारले, "फादर, मग खरी वाटेल अशी गोष्ट लिहायची तरी कशी?"

आजींचा प्रश्न आणि मुलांचा प्रश्न वरवर पाहता वेगवेगळे आहेत. एक गोष्टीच्या खरेपणाचा आहे, दुसरा गोष्ट खरी वाटण्याचा. आज या दोन्हींचा एकत्र विचार करू या.

गोष्ट पटते कशाने?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हांला ॲरिस्टॉटलचे 'काव्यशास्त्र' अभ्यासाला होते. हा ग्रीक तत्त्वज्ञ ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : इतिहासकार जे घडले ते सांगतो, कवी जे घडू शकते ते सांगतो. म्हणून गोष्टीत एकातून दुसरे निघाले पाहिजे. शक्य असूनही न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य असूनही पटणारी घटना गोष्टीत बरी, असेही तो म्हणतो. हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हांला ते कोडे वाटले होते. त्याचा उलगडा आम्हांला बायबलमध्येच झाला. शास्त्यांच्या पुस्तकात (अध्याय ९) योथाम एक गोष्ट सांगतो. झाडे आपल्यासाठी राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल तिघेही नकार देतात. आपले तेल, आपली गोडी, आपला रस सोडून त्यांना राज्य नको आहे. शेवटी काटेरी झुडूप तयार होते, आणि होता होताच धमकी देते. झाडे बोलत नाहीत, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. तरीही गोष्ट पटते, कारण ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही तोच खुर्चीला हपापलेला असतो, हे आपण पाहिलेले आहे.

उलट, दारूड्या माणसाची दारू सुटणे शक्य आहे. आपल्या धर्मग्रामात तशी माणसे आहेत. पण एका घंटेने सुटणे पटत नाही. कारण त्या बाटलीमागची वर्षे, शपथा, मोडलेल्या शपथा, उधारी, हे सारे लेखकाने एका घंटेत बुडवले.

कोणी म्हणेल, "फादर, देवाला काय अशक्य आहे? दिमिष्कच्या वाटेवर शौल एका क्षणात बदलला नाही का?" बदलला. पण प्रेषितांच्या कृत्यांतला नववा अध्याय सावकाश वाचून पाहा. प्रकाश दिसल्यावर शौल आंधळा होतो, लोक त्याला हाताला धरून गावात नेतात. तीन दिवस तो काही खात नाही, पीत नाही. त्याच्याकडे जायला सांगितलेला हनन्या आधी कुरकुरतो. या माणसाने काय काय केले आहे ते त्याला ठाऊक असते. पुढे यरुशलेममध्ये शिष्य शौलाला घाबरतात, त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. बर्णबाला मध्ये पडून त्याची हमी द्यावी लागते. कृपा क्षणात आली, पण तिच्या मागोमाग माणसांचा संशय, भीती आणि उपाशी दिवस आले. संत लूक यांनी ते गाळले नाहीत, म्हणून चमत्कारही आपल्या जगातला वाटतो.

उधळ्या पुत्राचा दाखलाही असाच आहे. मुलगा पश्चात्तापाने नव्हे, आधी भुकेने शुद्धीवर येतो. बापाला काय सांगायचे ते तो वाटेवर पाठ करतो, अगदी आपली मुले पापनिवेदनापूर्वी करतात तसे. घरी पोहोचल्यावर ते पाठ केलेले भाषण बाप पुरे होऊच देत नाही. मजुरासारखे ठेवून घ्या, हे शेवटचे वाक्य ओठांतच राहते. असे तपशील गोष्टीला खरेपणा देतात. भूक कशी असते आणि बाप कसा असतो हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच ते सुचतात.

पटणारी गोष्ट म्हणजे खरी गोष्ट नव्हे

इथपर्यंत मुलांच्या प्रश्नाचे उत्तर झाले. परंतु येथेच एक धोका दडला आहे. गोष्ट नीट जुळली, पटली, की ती खरीच, असे आपल्याला वाटू लागते. हा धोका बायबलमध्ये जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचे अकरावे आणि बारावे अध्याय काढा. तिथे दोन गोष्टरचणारे समोरासमोर उभे आहेत.

पहिला दावीद राजा. सैन्य लढाईवर गेलेले, राजा मात्र यरुशलेमात. उरिया नावाच्या आपल्याच शिपायाच्या बायकोला, बथशेबाला, तो बोलावून घेतो. ती गरोदर राहते. आता राजाला एक गोष्ट हवी आहे, लोकांना पटेल अशी. म्हणून तो उरियाला रणांगणावरून बोलावतो, लढाईची विचारपूस करतो आणि घरी जायला सांगतो. म्हणजे मूल उरियाचेच ठरेल. पण उरिया घरी जात नाही. कोश आणि सारे सैन्य उघड्यावर तंबूंत असताना आपण घरी जाऊन खावे, प्यावे आणि पत्नीजवळ निजावे, हे त्याला पटत नाही. दुसऱ्या रात्री दावीद त्याला दारू पाजतो. तरीही तो राजवाड्याच्या नोकरांबरोबरच झोपतो.

मग दावीद दुसरी गोष्ट रचतो. सेनापती यवाबाला तो पत्र लिहितो : उरियाला लढाईच्या तोंडी उभे करा आणि मागे सरका. हे पत्र तो उरियाच्याच हाती पाठवतो. उरिया आपला मृत्यू स्वतःच्या हाताने घेऊन जातो आणि पत्र न उघडता पोहोचवतो.

उरिया मेला. राजाकडे निरोप आला. तटावरून तिरंदाजांनी बाण मारले, काही माणसे पडली, उरियाही पडला. बंधूभगिनींनो, या निरोपात एकही शब्द खोटा नव्हता. लढाई खरी, तट खरा, बाण खरे, प्रेत खरे. लढाईत माणसे मरतातच, अशा अर्थाचे उत्तर राजाने यवाबाला धाडले. तेही खोटे नव्हते. पुढे विधवेचे दुःखाचे दिवस संपल्यावर राजाने तिला घरात घेतले. लोकांना ती दयासुद्धा वाटली असेल. सगळे जुळले, सगळे पटले. गोष्टीतून फक्त एक वस्तू गाळलेली होती : ते पत्र.

कधीच नसलेली कोकरी

आता दुसरा गोष्टरचणारा, नाथान संदेष्टा. तो राजासमोर येतो आणि एका गावातल्या दोन माणसांची हकिकत सांगतो. श्रीमंताकडे मेंढ्यांचे कळप. गरिबाकडे विकत घेऊन वाढवलेली एकच कोकरी. ती त्याच्या मुलांबरोबर वाढली. त्याच्याच घासातले खायची, त्याच्याच प्याल्यातले प्यायची, त्याच्या कुशीत निजायची. त्याला ती लेकीसारखी. श्रीमंताकडे पाहुणा आला. स्वतःची मेंढी कापणे जिवावर आले, म्हणून त्याने गरिबाची कोकरी नेली.

असा गाव नव्हता, असा श्रीमंत नव्हता, अशी कोकरी नव्हती. तरी दावीद संतापला. तो माणूस मरणाला पात्र आहे, त्याने चौपट भरून द्यावे, असा निवाडा त्याने दिला. तेव्हा नाथानने तोंडावर सांगितले की तो माणूस म्हणजे राजाच.

नाथानने कोकरीच का निवडली? कारण दावीद मेंढपाळाचा पोर. सोने किंवा शेत चोरीला गेले असते, तर राजाने कायद्याने विचार केला असता. कोकरी म्हटल्यावर त्याच्यातला मेंढपाळ जागा झाला. आणखी एक गोष्ट पाहा. खाणे, पिणे आणि निजणे : उरियाने घरी जाऊन ज्या तीन गोष्टी करायला नकार दिला, त्याच तीन गोष्टी ही कोकरी गरिबाच्या घरी करते. हिब्रू भाषेत लेकीला 'बथ' म्हणतात, आणि तोच शब्द बथशेबाच्या नावाच्या आरंभी आहे. नाथानने रचलेल्या गोष्टीचा एकेक तपशील घडलेल्या पापाला भिडलेला आहे. ज्याने सारे खरे सांगितले त्याने सत्य पुरले, आणि ज्याने काहीच न घडलेले सांगितले त्याने ते उकरून काढले. आपल्या पापाच्या कबुलीचे एक्कावन्नावे स्तोत्र परंपरेने याच प्रसंगाशी जोडलेले आहे.

मग नाथान खोटे बोलला का?

दावीदला ती हकिकत खरी वाटली, हे उघड आहे. नाहीतर त्याने निवाडा दिला नसता. मग ही फसवणूक नाही का?

गोष्टींबद्दलचा असा संशय फार जुना आहे. प्लेटोने आपल्या आदर्श नगरीतून कवींना बाहेरची वाट दाखवली. पण सत्य समजावण्यासाठी त्यालाही गुहेतल्या कैद्यांची गोष्ट रचावी लागली. संत ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाबा'त सांगतात की शाळकरी वयात दिदो राणीच्या मरणावर आपण रडलो, पण स्वतःच्या आत्म्याच्या मरणावर रडलो नाही. पुढे असत्याविषयी त्यांनी दोन ग्रंथ लिहिले. असत्याचे मर्म त्यांनी फसवण्याच्या इच्छेत पाहिले. ही इच्छा नसेल तर रचलेली प्रत्येक गोष्ट खोटी ठरत नाही. ती एखाद्या सत्याकडे बोट दाखवत असेल तर ते सत्याचेच एक रूप, असे त्यांनी म्हटले, आणि संत थॉमस अक्वायनस यांनीही पुढे त्यांचा हा विचार घेतला.

आमच्या अल्पमतीप्रमाणे नाथानाच्या बाबतीत फरक इथे आहे. नाथानने पडदा स्वतःच्या हाताने उचलला, आणि तो उचलल्यावरच गोष्टीचे काम पूर्ण झाले. दावीदच्या गोष्टीचे काम पडदा खाली आहे तोवरच चालणार होते. आपल्या मराठीला ही रीत परकी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या महानुभाव पंथाच्या 'दृष्टांतपाठा'त आधी सूत्र, मग दृष्टांत आणि मग दार्ष्टांतिक अशी रचना आहे. दृष्टांत सांगून झाल्यावर तो कशाबद्दल होता ते उघड करायचे. ऐकणाऱ्याला गोष्टीत अडकवून ठेवायचे नाही.

आता आमच्या आजारी मुलाकडे वळू. गोष्ट रचलेली होती, हा दोष नव्हे. दोष त्या चार शब्दांचा, 'इथून फार लांब नाही' या शब्दांचा. गोष्ट स्वतःच्या पायांवर उभी राहील यावर आमचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही तिला खोट्या पत्त्याची काठी दिली.

आपल्या रोजच्या गोष्टी

आपण सगळेच गोष्टी रचतो. २०२० सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी पोप फ्रान्सिस यांनी 'गोष्ट' हाच विषय निवडला होता. माणूस गोष्टी सांगणारा प्राणी आहे, आणि काही गोष्टी माणसाला उभारतात तर काही मोडतात, हा त्या संदेशाचा सूर. मोबाइलवर येणाऱ्या बनावट हकिकतींबद्दल आपण वरचेवर बोलतो. परंतु त्याहून जवळच्या गोष्टींकडे पाहू या.

वाटणीची भांडणे आमच्या टेबलासमोर येतात. विहिरीची वाट, सामाईक भिंत, आईच्या आजारपणातला खर्च. एक भाऊ येतो आणि हकिकत सांगतो. ती ऐकून वाटते, न्याय याचाच. दुसऱ्या दिवशी दुसरा येतो, तीच वर्षे, तीच आई, तीच वाट. आणि वाटते, न्याय याचाच. दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघांनीही एकेक पत्र गाळलेले असते.

दुसऱ्यांचे कशाला? आम्हीही पापनिवेदनासाठी गुडघे टेकतो. एकदा आम्ही कोणाशी तरी कठोर बोललो होतो ते सांगत होतो. त्या आठवड्यात तीन अंत्यविधी, झोप नाही, समोरच्याने आधी आवाज चढवलेला. सारे क्रमाने, व्यवस्थित. वृद्ध धर्मगुरूंनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "फादर, यात तुम्ही कुठे आहात?" आम्ही निरुत्तर झालो. आमच्या हकिकतीत थकवा होता, अंत्यविधी होते, दुसरा माणूस होता. फक्त बोलणारे आम्ही नव्हतो.

म्हणून गोष्ट सांगताना, मग ती नाटकातली असो, वाटणीतली असो वा स्वतःची असो, आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : या गोष्टीतून आपण मुद्दाम काय गाळले? आपल्याजवळ कोणते पत्र आहे?

दुसरा : आपल्या विरुद्ध असलेल्या माणसाला या गोष्टीत काही कारण आहे का? थोरल्या भावाकडे पाहा. परूशी आणि शास्त्री कुरकुरत असताना येशूने हा दाखला सांगितला, आणि त्यांच्याच जागी थोरला भाऊ उभा केला. तरी त्याला खलपुरुष केले नाही. इतकी वर्षे राबलो आणि मला एक करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार खरी आहे. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितले नाही. ते ऐकणाऱ्यांवर सोडले.

तिसरा : ऐकणाऱ्याला उद्या सर्व काही कळले, तर त्याला आपण फसवले गेलो असे वाटेल का?

आमच्या युवकांनी नाटुकले पुन्हा लिहिले आहे. आता बाटली फुटत नाही. घंटा वाजते, बाप ग्लास खाली ठेवतो, थोडा वेळ तसाच बसतो, आणि मग पुन्हा उचलतो. पण त्याच्या मुलीने त्याला ग्लास खाली ठेवताना पाहिलेले असते. दुसऱ्या दिवशी घंटेच्या वेळी ती त्याच्या शेजारी येऊन बसते. नाटक तिथे संपते. त्या बाईंनी अजून ते ऐकलेले नाही. त्यांना पटले तर आम्हांला पटले.

आणि आजी? आम्ही त्यांना खरे काय ते सांगितले. तो मुलगा नाही, कधी नव्हता; 'आपल्याच भागात' हे आम्ही जोडले होते. आम्ही क्षमा मागितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "फादर, गोष्ट आहे म्हणून सांगितलं असतं, तरी मी रडलेच असते. पण दोन रात्री झोप लागली नाही मला, ते पोर डोळ्यांपुढं यायचं. ते तरी टळलं असतं."

पैसे आम्ही त्यांच्या हातात परत ठेवले. त्यांनी ते घेतले नाहीत. "खऱ्या कोणाला तरी द्या," म्हणाल्या आणि उठल्या. ते गरिबांच्या पेटीत गेले. त्यानंतर वेदीवरून गोष्ट सांगताना 'ही एक गोष्ट आहे' असे आम्ही आधी सांगतो. कधी विसरलो, तर आजींप्रमाणे आपणही निःसंकोच येऊन विचारावे, ही विनंती.

प्रभू आपल्या सर्वांच्या ओठांवर सत्य ठेवो.

आपले,
धर्मगुरू